कोचिंग झकास, करारपत्र भयंकर: नेरूळच्या एका फुटबॉल अकॅडमीचा तीन वर्षांचा अनुभव

आधी स्टारचं सांगून टाकते. मैदानावर जे शिकवतात त्याला पाचपैकी साडेचार. ऑफिसात ज्या कागदावर सही घेतात त्याला अर्धा, आणि तो अर्धाही स्टेपल नीट मारलं होतं म्हणून. दोन्हींची सरासरी काढू नका, काही अर्थ निघणार नाही. अकॅडमीचं नाव लिहीत नाही. मुलं अजून तिथे खेळतायत, सर तिथेच नोकरी करतायत, आणि मला भांडण उकरून काढायचं नाही. पण ज्या आईबापांच्या पुढ्यात असा कागद येईल, त्यांनी पेनाचं टोपण काढण्याआधी हे वाचावं.

मी ऐरोलीला एका आयटी कंपनीत एचआरमध्ये आहे. नोटीस पीरियड, बॉण्ड, रिलीव्हिंग लेटर हे माझं रोजचं दळण. तरीही फसले. कशी, ते पुढे येईलच.

या सगळ्याचं मूळ डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये आहे. ३० ऑक्टोबर २०२२, सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाची फायनल, स्पेन विरुद्ध कोलंबिया. घरापासून रिक्षाने दहा मिनिटं, म्हणून गेलो. शेवटाकडे कोलंबियाच्या एका मुलीकडून स्वयंगोल झाला आणि स्पेन १-० जिंकलं. आमचे चिरंजीव तेव्हा अकरा वर्षांचे. 'तिला घरी कोणी ओरडेल का गं?' हे झोपेपर्यंत चाललं होतं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, मला डिफेन्समध्येच खेळायचंय. नोव्हेंबरात नाव घातलं.

शिकवण्याबद्दल मनापासून चांगलं लिहिते. आठवड्याला चार दिवस, दीड तास, महिन्याला ३,८०० रुपये. फी तिमाहीची एकदम. अंडर-१३ चे सर आरडाओरडा करत नाहीत, आणि मुलांच्या खेळात हे किती दुर्मीळ आहे ते टर्फच्या जाळीबाहेर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. त्यांचा एक सराव मी तीन वर्षं बघितला तरी कंटाळले नाही. मुलगा पाठमोरा उभा. समोरून पास येतोय. सर मागे उभे, दोन हातांत दोन रंगांची बिब्ज (जर्सीवर घालायची बिनबाह्यांची जॅकेटं), त्यातलं एक वर करायचं. चेंडू पायाशी यायच्या आत मुलाने खांद्यावरून वळून बघायचं आणि रंग ओरडून सांगायचा. चुकला तर शिक्षा नाही, परत. पहिल्या महिन्यात आमचा सरसकट 'पिवळा' म्हणून ठोकून द्यायचा. सहा महिन्यांनी घरात फ्रिज उघडायच्या आधीही खांद्यावरून मागे बघायला लागला. अर्थात त्याचं कारण वेगळं असावं. लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू म्हणून जे काही त्याच्यात आज आहे, ते या सरांनी घडवलंय. हे मी त्यांच्या मॅनेजमेंटलाही लिहून कळवलंय.

टर्फ ठीक. काळे रबराचे दाणे मोज्यांतून घरी येतात आणि वॉशिंग मशीनच्या फिल्टरमध्ये मुक्काम करतात. प्यायच्या पाण्याचा कूलर उन्हाळ्यात दोनदा बंद पडला. फिजिओ 'उपलब्ध' आहे असं पत्रकात लिहिलंय. तीन वर्षांत मी त्याला एकदाच पाहिला, तोही फोटो काढायच्या दिवशी.

आता कागद.

एप्रिल २०२५ मध्ये अंडर-१५ ची 'एलिट बॅच' निघाली. संध्याकाळचे साडेसात, मी ऑफिसातून थेट आलेले, फ्लडलाइटखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर, पायाला डास. काउंटरवरच्या पोराने अकरा पानं पुढे केली. वर पाचशेचा स्टॅम्पपेपर. 'मॅडम, फॉर्मॅलिटी आहे, इथे, इथे आणि इथे.' पेनाचं टोपण त्यानेच काढून दिलं. नवीन जॉइन होणारी पोरं माझ्यासमोर अशाच सह्या ठोकतात तेव्हा मी त्यांना 'नीट वाचा हं' म्हणते. मी नववं पान वाचलंच नाही. आत मॅच चालू होती आणि आमचा पेनल्टी बॉक्सजवळ चेंडू घेऊन उभा होता.

नवव्या पानावर काय होतं? तीन वर्षांचा बॉण्ड. मधेच सोडलं तर 'प्रशिक्षण भरपाई' म्हणून दीड लाख. ती भरल्याशिवाय दुसरीकडे जायची एनओसी नाही. आणि खाली बारीक टायपात, पुढेमागे कुठल्याही क्लबने मुलासाठी बदलीची रक्कम मोजली तर तिच्यातले वीस टक्के अकॅडमीचे. दरमहा फी आम्ही द्यायची, वर बॉण्डही आम्हीच! आमच्या कंपनीत फ्रेशरला बॉण्ड लावतात तेव्हा निदान पगार तरी कंपनी देते.

ऑगस्टमध्ये वाशीच्या एका क्लबच्या अंडर-१५ संघाच्या ट्रायलमध्ये तो निवडला गेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची सीआरएस नावाची ऑनलाइन नोंदणी आहे, मान्यताप्राप्त स्पर्धेत खेळायचं तर तिथे कुठल्या तरी क्लबच्या नावावर चढावं लागतं. आमची अकॅडमी स्वतः क्लब म्हणून नोंदलेलीच नाही. मुलं तिने दुसऱ्याच एका क्लबच्या नावावर चढवलेली, आणि ते आम्हाला या निमित्ताने कळलं. म्हणजे पैसे मागणार एक, सोडणार दुसरा. वाशीवाले भले लोक, पण पहिल्याच फोनवर स्पष्ट म्हणाले, 'ताई, मुलगा आम्हाला हवाय. पण तुमच्या जुन्या भानगडीत आम्ही पडणार नाही. एनओसी आणा, दुसऱ्या दिवशी चढवतो.'

एनओसीला सात आठवडे लागले. तोवर त्या स्पर्धेची नोंदणी बंद झाली. मुलगा सात आठवडे सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीवर चेंडू मारत होता आणि तळमजल्यावरचे काका रोज वर येत होते.

माझ्या टीममध्ये एक आर्सेनलवेडा मुलगा आहे. त्याला जेवणाच्या सुट्टीत हे सांगितलं तर तो डबा बाजूला सारून म्हणाला, 'मॅम, हे तर जॉर्ज ईस्टहॅमचं प्रकरण आहे.' मग त्या आठवड्यात रोज एक प्रकरण ऐकलं आणि रात्री घरी बसून वाचलं. इंग्लंडमध्ये पूर्वी करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबच्या ताब्यात राहायची. क्लब पगार थांबवून त्याला नुसता बसवून ठेवू शकायचा. न्यूकॅसलच्या ईस्टहॅमने १९६० मध्ये सही करायला नकार दिला आणि काही महिने चक्क बूच विकायची नोकरी केली. पुढे तो आर्सेनलला गेला, पण खटला सोडला नाही. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ती पद्धत व्यवसायावरचा गैरवाजवी निर्बंध ठरवली.

बोस्मानचं नाव ऐकून होते. बेल्जियमचा साधा खेळाडू, करार १९९० मध्ये संपलेला, क्लबने नव्या करारात पगार पाव केला आणि फ्रान्समधल्या डंकर्क क्लबला जायचं म्हटलं तर पैसे मागितले. युरोपीय न्यायालयाचा निकाल १५ डिसेंबर १९९५ चा: करार संपल्यावर युरोपीय संघातल्या (ईयू) देशाचा खेळाडू ईयूतल्याच दुसऱ्या देशातल्या क्लबकडे पैशाविना जाऊ शकतो. आज एम्बापे पॅरिसचा करार संपवून २०२४ मध्ये रेआल माद्रिदला गेला तो याच दरवाजातून. बोस्मानची स्वतःची कारकीर्द मात्र त्या पाच वर्षांत संपली. हे वाचल्यावर पार्किंगमधला चेंडूचा आवाज जास्तच ऐकू यायला लागला.

पण मला सगळ्यात जवळचा वाटला तो लासाना दियारा. लोकोमोतिव मॉस्कोशी पगारावरून बिनसलं, क्लबने २०१४ मध्ये करार तोडला आणि उलट त्याच्याकडूनच भरपाई मागितली. फिफाच्या यंत्रणेने एक कोटी पाच लाख युरो भरायला लावले. शार्लरोआ नावाचा बेल्जियन क्लब त्याला घ्यायला तयार होता. पण तेव्हा नियम असा होता, की करार मोडलेल्या खेळाडूला घेणारा नवा क्लबही त्या भरपाईला बांधील धरला जायचा, आणि वाद चालू असेतो बदलीचा दाखला अडू शकायचा. शार्लरोआने आधी हमी मागितली, ती मिळाली नाही, बोलणी बारगळली. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने हे नियम मुक्त संचाराच्या आणि स्पर्धेच्या कायद्याविरुद्ध ठरवले, आणि फिफाला नियमांत दुरुस्ती करावी लागली. 'तुमच्या जुन्या भानगडीत आम्ही पडणार नाही.' शार्लरोआवाले फ्रेंचमध्ये म्हणाले असतील, एवढाच फरक.

आता दुसरी बाजू, कारण नाहीतर सर वाचतील आणि त्यांना वाईट वाटेल. एका संध्याकाळी ते माझ्याशी जाळीजवळ बोलले. 'मॅडम, तीन वर्षं आम्ही घडवायचं. मग मोठं नाव येतं, उचलून नेतं. आमच्याकडे काय राहतं? ग्रुप फोटो.' याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण म्हणणं खरं आहे. घडवणाऱ्याला त्याचं मिळालंच पाहिजे.

मिळायची सोयही आहे. फिफाच्या नियमात त्याला सॉलिडॅरिटी म्हणतात. खेळाडूची दुसऱ्या देशातल्या क्लबकडे बदली झाली की त्या रकमेतले पाच टक्के त्याला वयाच्या १२ ते २३ पर्यंत घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटायचे. १२ ते १५ च्या दरवर्षाला पाव टक्का, १६ ते २३ च्या दरवर्षाला अर्धा. म्हणजे आमच्या अकॅडमीने तीन वर्षं घडवलं, उद्या देव करो आणि चिरंजीवाची एक कोटीला परदेशात बदली झाली, तर तीन वर्षांचे पाऊण टक्का, पंचाहत्तर हजार. आणि खेळाडू पहिल्यांदा व्यावसायिक करार करतो तेव्हाची प्रशिक्षण भरपाई वेगळी. हे पैसे वेळेवर मिळत नाहीत अशी रड होती, म्हणून नोव्हेंबर २०२२ पासून फिफाने पॅरिसला क्लिअरिंग हाउस, म्हणजे हे पैसे गोळा करून वाटणारी संस्था, सुरू केलं; खेळाडूच्या नोंदणीचा इतिहास बघून ते हिशोब लावतं.

यातली ग्यानबाची मेख बघा. हे पैसे खेळाडूला घेणारा नवा क्लब देतो, मुलगा देत नाही, त्याची आई तर नाहीच. आणि ते मिळतात नोंदलेल्या क्लबला. आमच्या अकॅडमीने क्लब म्हणून नोंदणी केली असती तर तीन वर्षांची कमाई तिच्या खात्यावर कायम लिहिली गेली असती. तो खटाटोप कोण करणार? त्यापेक्षा पाचशेचा स्टॅम्पपेपर सोपा. वीस टक्क्यांचं कलम तर विचारूच नका. पुढच्या बदलीच्या रकमेत क्लबबाहेरच्या तिऱ्हाईताने हिस्सा ठेवायला फिफाने मे २०१५ पासून बंदी घातली आहे.

बॉण्ड आणि एनओसी मुळातच नकोत असं माझं म्हणणं नाही. ऑफिसातली काही पोरं म्हणाली, साधा दोन महिन्यांचा नोटीस पीरियड ठेवायचा, प्रश्न मिटला. मिटत नाही. नोटीस पीरियड दोन्हीकडून असतो. ज्या दिवशी खेळाडूला दोन महिन्यांत निघता येईल, त्या दिवशी क्लबलाही गुडघा दुखावलेल्या पोराला दोन महिन्यांत काढता येईल. ठरावीक मुदतीचा करार खेळाडूचंही छत्र आहे. मुदत पाळा, मोडली तर पैशाचा वाद पैशाच्या जागी भांडा, हवं तर कोर्टात भांडा. पण तो वाद मिटेपर्यंत माणूस खेळता राहिला पाहिजे. सोनाराकडे दागिना गहाण ठेवतात. दागिन्याचं वय वाढत नाही, चौदा वर्षांच्या पोराचं वाढतं.

आपल्याकडे मोठ्या पातळीवरही हेच झालं. अन्वर अलीने २०२४ मध्ये मोहन बागानशी असलेला करार मोडून ईस्ट बंगालची वाट धरली. महासंघाच्या समितीने चार महिन्यांची बंदी आणि १२.९० कोटींची भरपाई ठोठावली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि तो आदेश मागे घेतला गेला. कोण बरोबर, यावर कोलकात्यात अजून डोकी फुटतील. माझं म्हणणं एवढंच, की भरपाईचा आकडा ठरवायला बसा, पण राष्ट्रीय संघाच्या स्टॉपरला, मधल्या बचावपटूला, घरी बसवून कोणाचे पैसे वसूल होतात?

माझा मावसभाऊ ठाणे कोर्टात वकिली करतो. त्याला नववं पान पाठवलं. त्याने आधी, 'ताई, तू? एचआर?' असं म्हणून माझी यथेच्छ टिंगल केली आणि मग सांगितलं ते असं. अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या मुलाचा करार १९०३ च्या मोहरी बीबी निकालापासून मुळातच निरर्थक. बापाने मुलीच्या वतीने केलेला सिनेमात काम करायचा करारही मुंबई उच्च न्यायालयाने राज राणी प्रकरणात टिकू दिला नव्हता. गंमत म्हणजे तिथे त्या मुलीलाच तिचे पैसे हवे होते, आणि तीच हरली. कायदा मुलाच्या बाजूने आहे असं समजून हुरळून जाऊ नकोस, तो म्हणाला. करार संपल्यानंतरही माणसाला बांधणारी कलमं १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ खाली टिकत नाहीत. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने आपल्या आधीच्या एजन्सीविरुद्ध २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हाच मुद्दा जिंकला. पण तुझा करार संपलेला नाही आणि पैसे द्यायची सही तुझी आहे, तू सज्ञान आहेस, निदान वयाने. दीड लाख मात्र कुठलं कोर्ट त्यांना देणार नाही. त्याच कायद्याच्या कलम ७४ खाली वाजवी तेवढंच. वाजवी म्हणजे किती, हे भांडायला तीन वर्षं जातील. तोवर पोरगा अठराचा.

म्हणून मी मेल लिहिलं. आवाज न चढवता, मुद्देसूद, ऑफिसात लिहिते तसं: मुलगा अज्ञान आहे, फी आम्ही भरलेली आहे, फिफाच्या व्याख्येत ज्याच्याकडे लेखी करार आणि खर्चापेक्षा जास्त मोबदला आहे तो व्यावसायिक, बाकी सगळे हौशी, आमचा तर उलट दरमहा ३,८०० देतो. सीसीत ज्या क्लबच्या नावावर तो चढला होता त्यांना घेतलं. चार दिवसांत फोन. दीड लाखाचे पंधरा हजार झाले. दिले. हो, दिले. तत्त्वाची गोष्ट करणाऱ्या मैत्रिणींना सांगते, त्यांचा मुलगा पार्किंगमध्ये भिंतीवर चेंडू मारत नव्हता. पावती मागितली, तर तिच्यावर कारणाच्या रकान्यात 'इतर' असं लिहिलेलं.

जाता जाता एक. जाळीजवळच्या त्या संध्याकाळी सरांनी मोबाइलवर स्वतःचं नेमणूकपत्र दाखवलं होतं. नोकरी सोडल्यावर दोन वर्षं दहा किलोमीटरच्या परिसरात कुठेही शिकवायचं नाही. ते राहतात जुईनगरला. दहा किलोमीटर म्हणजे वाशी गेलं, सानपाडा गेलं, बेलापूर गेलं. मी त्यांना कलम २७ चं सांगितलं. याहून जास्त लिहीत नाही.

कोणी विचारेल, मुलाला तिथे घालू का? तेरापर्यंत बिनधास्त घाला, तिमाही फीच्या पावतीवर, बाकी कुठल्याही कागदावर सही न करता. एलिट बॅचचा विषय निघाला की नववं पान मागून घ्या, घरी न्या, सकाळी चहासोबत वाचा. अकॅडमी कुठल्या क्लबच्या नावावर मुलं चढवते, हे पहिल्याच दिवशी विचारा. स्कूटर घेऊन जाऊ नका, गेटसमोर उभी केली की उचलतात; नेरूळ स्टेशनवरून रिक्षा बरी.

आणि ती एनओसी. मेलवर पीडीएफ आली, शिक्का, सही, सगळं होतं. वाशीवाल्यांनी सीआरएसवर टाकली, परत आली. जन्मसाल २०११ च्या जागी २००१ टाइप झालेलं. दुरुस्त होऊन यायला आणखी आठ दिवस गेले. तेवढे आठ दिवस आमचे चिरंजीव कागदोपत्री चोवीस वर्षांचे होते. फिफाची प्रशिक्षण भरपाई तेविसाव्या वर्षाबरोबर संपते.